घटस्फोट चाललाय आणि आयआरएसचं पत्र आलंय: आधी काय करायचं, मग काय

घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात ‘मागच्या दोन वर्षांचा थकलेला टॅक्स नवऱ्याने भरायचा’ असं जजच्या सहीनिशी लिहिलेलं असतं, आणि तरी आयआरएस (अमेरिकेचं केंद्रीय कर खातं) तोच टॅक्स बायकोच्या पगारातून कापून घेते. हे कायद्याला धरूनच आहे. अमेरिकेत नवरा-बायकोने जॉइंट रिटर्न भरलं की त्या वर्षाच्या पूर्ण टॅक्सची, दंडाची आणि व्याजाची जबाबदारी दोघांवरही पूर्णच्या पूर्ण येते, अर्धी-अर्धी नव्हे. फॅमिली कोर्टातल्या खटल्यात आयआरएस पक्षकार नसते, त्यामुळे तिथला निकाल तिच्यावर बंधनकारक नसतो. तो निकाल फक्त तुम्हा दोघांमधला.

त्यातून एक माणूस नोकरी सोडून भारतात परतलेला असेल, तर वसुली कोणाकडून होणार हे सांगायला नको. ज्याचा पेचेक अमेरिकेत निघतो, त्याच्याकडून.

हा लेख अशा माणसांसाठी आहे ज्यांनी कधी टॅक्सचं पत्र स्वतः उघडलेलं नाही. बऱ्याच मराठी घरांत टॅक्सचं काम एकाच माणसाकडे असतं. दुसऱ्याने कधीतरी मार्च-एप्रिलमध्ये फोनवर आलेल्या ई-फाइलच्या फॉर्म ८८७९ वर बोटाने सही केलेली असते, रिटर्नची पानं कधी पाहिलेली नसतात. ती बोटाची सही म्हणजे जॉइंट रिटर्नवरचीच सही. एच-४ वर (नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असताना, स्वतःची एक डॉलरचीही कमाई नसताना केली असली तरीही.

आधी पत्ता, मग ट्रान्सक्रिप्ट

घर सोडलं असेल किंवा जोडीदाराने सोडलं असेल, तर आजच फॉर्म ८८२२ भरून आयआरएसला स्वतःचा नवा पत्ता कळवा. हे काम छोटं वाटतं, पण पुढच्या सगळ्या मुदती याच्यावर उभ्या आहेत. आयआरएसने तुमच्या शेवटच्या नोंदलेल्या पत्त्यावर पत्र पाठवलं की कायद्याच्या दृष्टीने ते तुम्हाला मिळालं. ते जुन्या घरी जोडीदाराच्या ड्रॉवरमध्ये न उघडता पडलं असलं तरी दिवस मोजायला सुरुवात झालेली असते. भारतात परत जात असाल तर तिथला पत्ता द्या.

मग आयआरएसच्या वेबसाइटवर स्वतःचं खातं उघडून प्रत्येक वर्षाची ‘अकाउंट ट्रान्सक्रिप्ट’ (खात्याचा उतारा) काढा. ऑनलाइन जमत नसेल तर फॉर्म ४५०६-टी पोस्टाने पाठवा. जॉइंट रिटर्नची ट्रान्सक्रिप्ट मागायचा हक्क दोघांनाही असतो. जोडीदाराची परवानगी लागत नाही. कोणत्या वर्षी किती बाकी आहे हे ऐकीव माहितीवर ठेवू नका. घटस्फोटाच्या वाटाघाटीत ‘फार नाहीये, दहाएक हजार असतील’ अशी वाक्यं फेकली जातात. आकडा कागदावर बघा.

ट्रान्सक्रिप्टमध्ये दोन गोष्टी शोधा. कोड १५० समोरचा आकडा म्हणजे रिटर्नमध्ये तुम्ही दोघांनी स्वतः दाखवलेला टॅक्स. कोड २९० किंवा ३०० समोर आकडा असेल, तर तो आयआरएसने नंतर वाढवलेला टॅक्स, म्हणजे रिटर्नमध्ये काहीतरी दाखवायचं राहिलं होतं किंवा चुकीचं दाखवलं होतं. हा फरक नीट लिहून ठेवा. दाखवला पण भरला नाही, आणि दाखवलाच नाही, या दोन प्रकारच्या बाक्यांतून सुटायचे रस्ते वेगळे आहेत.

आणि दोघांचा जो सीपीए (अकाउंटंट) आहे, त्याच्याकडे हे प्रकरण घेऊन जाऊ नका. माणूस कितीही भला असो, दोघांचे हितसंबंध आता एकमेकांच्या विरुद्ध आहेत. स्वतःचा वेगळा टॅक्स वकील किंवा एनरोल्ड एजंट (आयआरएसपुढे बाजू मांडायचा परवाना असलेला टॅक्स सल्लागार) बघा. उत्पन्न केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या अडीच पटीच्या आत असेल, तर ‘लो इनकम टॅक्सपेयर क्लिनिक’ फुकट किंवा नाममात्र फीमध्ये केस घेतात. नोकरी नसलेल्या, वेगळं राहणाऱ्या कितीतरी बायका त्यात बसतात आणि त्यांना ते ठाऊकच नसतं.

पत्रं कोणत्या क्रमाने येतात

पहिलं पत्र सीपी-१४. एवढी बाकी आहे, भरा. त्यानंतर साधारणपणे सीपी-५०१, सीपी-५०३ अशी आठवणपत्रं येतात. मधली काही येतही नाहीत. सीपी-५०४ चा सूर चढलेला असतो आणि त्यात ‘लेव्ही’, म्हणजे जप्ती, हा शब्द दिसतो. त्यानंतर स्टेटचा रिफंड जप्त होऊ शकतो, पगार मात्र अजून नाही.

ज्या पत्राला खरं घाबरायचं आणि लगेच हलायचं, ते एलटी-११ किंवा लेटर १०५८. ‘लेव्ही करण्याच्या इराद्याची अंतिम सूचना आणि सुनावणीचा तुमचा हक्क’ अशा अर्थाचा त्याचा मथळा असतो. त्यावरच्या तारखेपासून ३० दिवसांत फॉर्म १२१५३ भरून सुनावणी मागितली, तर सुनावणी संपेपर्यंत त्या वर्षांसाठी पगारावर सहसा हात पडत नाही. त्याच फॉर्मवर ‘इनोसंट स्पाउस’ (ही बाकी जोडीदाराची, माझ्याकडून घेऊ नका) हा मुद्दाही मांडता येतो आणि हप्तेही मागता येतात. ३० दिवस गेले तर वर्षभरात तसाच अर्ज करून दुसऱ्या प्रकारची सुनावणी मिळते, पण तिने वसुली आपोआप थांबत नाही आणि निर्णयाविरुद्ध टॅक्स कोर्टात जाता येत नाही. फॉर्म सर्टिफाइड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.

फोनवर कोणी ‘आत्ताच्या आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा नाहीतर पोलीस येतील’ म्हणाला, तर तो आयआरएसचा नव्हे. फोन ठेवून द्या.

पगारावर लेव्ही आली तर नेमकं काय होतं

लोकांच्या डोक्यात २५ टक्के हा आकडा पक्का बसलेला असतो. तो क्रेडिट कार्ड, हॉस्पिटल अशा सामान्य देण्यांसाठी आहे. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने तिथे करानंतरच्या पगाराच्या २५ टक्क्यांवर किंवा आठवड्याला २१७ डॉलर ५० सेंटच्या वर जे उरेल त्यावर, यातलं जे कमी असेल तिथे मर्यादा घातली आहे. टेक्सासमध्ये तर सामान्य सावकाराला पगाराला हातच लावता येत नाही. पण आयआरएसला यातलं काहीही लागू नाही. तिला कोर्टाचा हुकूमही लागत नाही. हिशोब उलटा असतो: किती कापायचं हे ठरत नाही, किती सोडायचं ते ठरतं, आणि बाकी सगळं जातं.

आयआरएस तुमच्या कंपनीच्या पेरोलला फॉर्म ६६८-डब्ल्यू पाठवते. पेरोल त्यातली काही पानं तुमच्या हातात देतं. त्यात एक छोटा तक्ता असतो: तुमचा फायलिंग स्टेटस काय आणि तुमच्यावर अवलंबून कोण कोण आहे. तो भरून, सही करून तीन दिवसांत पेरोलला परत द्यायचा. नाही दिला, तर तुम्ही ‘मॅरिड फायलिंग सेपरेट’ आणि अवलंबून कोणीच नाही असं धरून कापतात. दोन मुलं तुमच्याकडे राहत असतील तर दर पगाराला त्याचा फटका बसतो. लाजेपोटी ते पान बॅगेत राहतं आणि तीन दिवस निघून जातात, असं होऊ देऊ नका.

आकड्यात पाहू. सोडायची रक्कम मानक वजावटीवरून (रिटर्नमध्ये मिळणारी ठरावीक सूट) ठरते. समजा ती १५,००० डॉलर आहे आणि पगार महिन्यातून दोनदा होतो. १५,००० भागिले २४ म्हणजे ६२५. अवलंबून कोणी नसेल तर हातात येणाऱ्या ४,००० डॉलरांपैकी तुम्हाला ६२५ मिळतात आणि ३,३७५ आयआरएसला जातात. पुढच्या पगाराला पुन्हा तेच. ही लेव्ही एकदाच होऊन थांबत नाही. बाकी फिटेपर्यंत किंवा आयआरएस ती उठवेपर्यंत चालू राहते. ६२५ डॉलरमध्ये न्यू जर्सीत किंवा बे एरियात पंधरवड्याचं भाडंसुद्धा निघत नाही, म्हणून इथे एकेक दिवस मोलाचा आहे.

दिलासा देणारी एक गोष्ट: ६६८-डब्ल्यू मिळाल्यावर पैसे पाठवण्याआधी कंपनीला साधारणपणे एक पूर्ण पगाराचा कालावधी मिळतो. ती तुमची खिडकी. त्याच दिवशी आयआरएसला फोन करा. हातात बँक स्टेटमेंट, भाड्याचा करार, डेकेअरची पावती, विमा, गाडीचा हप्ता असू द्या, कारण ते फॉर्म ४३३-एफ मधली, म्हणजे तुमच्या उत्पन्न-खर्चाची, माहिती विचारतात. जगण्याचा मूलभूत खर्च भागत नाही हे दाखवता आलं, तर लेव्ही उठवणं हे आयआरएसवर कायद्याने बंधनकारक आहे. फोनवर दाद लागत नसेल तर फॉर्म ९११ भरून ‘टॅक्सपेयर ॲडव्होकेट सर्व्हिस’कडे जा. ती आयआरएसच्याच आतली स्वतंत्र यंत्रणा आहे, फुकट आहे, आणि प्रत्येक राज्यात तिचं किमान एक ऑफिस आहे.

एकाच देण्यासाठी पगारातून कपात होते म्हणून कंपनी तुम्हाला नोकरीवरून काढू शकत नाही. हेही १९६८ च्याच कायद्यात आहे.

बँक खात्याचं वेगळं. तिथे लेव्ही आली की त्या दिवशीची रक्कम बँक गोठवते आणि २१ दिवसांनी पाठवते. जॉइंट खातं असेल तर त्यात तुमचा पगार आहे की त्याचा, हे बँक बघत बसत नाही. पगार स्वतःच्या वेगळ्या खात्यात वळवा, पण जॉइंट खात्यातली जुनी रक्कम हलवण्याआधी घटस्फोटाच्या वकिलाला विचारा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात घटस्फोटाचा अर्ज दाखल होऊन बजावला गेला की मालमत्ता हलवण्यावर आपोआप बंधनं येतात.

पोटगी आणि लेव्ही एकाच पगारावर

मुलांच्या पोटगीसाठी पगारातून ५० ते ६५ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. दुसऱ्या जोडीदाराला किंवा मुलाला सांभाळत असाल तर ५०, नसाल तर ६०, आणि १२ आठवड्यांहून जुनी थकबाकी असेल तर वर ५. मग त्याच पगारावर आयआरएसची लेव्ही आली तर आधी कोण?

उत्तर तारखेत आहे. अल्पवयीन मुलांच्या पोटगीचा कोर्टाचा हुकूम लेव्हीच्या तारखेच्या आधीचा असेल, तर तेवढी रक्कम लेव्हीतून वगळली जाते. नंतरचा असेल तर हा हक्क मिळत नाही. म्हणून टॅक्सची बाकी डोक्यावर असलेल्या घटस्फोटात तात्पुरत्या पोटगीचा हुकूम लवकर मिळवणं दोघांच्याही फायद्याचं असतं, आणि त्याहून जास्त मुलांच्या. ‘आपापसात ठरलंय, तो दर महिन्याला झेल (Zelle) ॲपने पैसे पाठवतो’ याला आयआरएसपुढे किंमत नाही. हुकूमाची प्रत आयआरएसला स्वतःहून पाठवा.

कर्जातून स्वतःला वेगळं काढणं

हा या लेखाचा गाभा आहे. हुकूमनामा तुम्हाला आयआरएसपासून सोडवत नाही. फॉर्म ८८५७ सोडवू शकतो. याला ‘इनोसंट स्पाउस रिलीफ’ म्हणतात. फी नाही. एकाच फॉर्मवर आयआरएस तिन्ही प्रकार तपासते.

पहिला प्रकार: जोडीदाराच्या उत्पन्नाबद्दल रिटर्नमध्ये चूक होती, सही करताना तुम्हाला ती ठाऊक नव्हती आणि ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. दुसरा: घटस्फोट झालाय, कायदेशीर विभक्त आहात किंवा १२ महिने वेगळ्या घरात राहताय, मग वाढीव टॅक्सची दोघांत वाटणी करून तुमच्या वाट्याचाच तुमच्यावर ठेवला जातो. यात आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. तिसरा न्याय्यतेचा: सगळी परिस्थिती पाहता तुमच्याकडून वसूल करणं अन्यायाचं ठरेल. टॅक्स दाखवला होता पण भरला नाही, अशा कोड १५० वाल्या बाकीला फक्त हा तिसराच रस्ता आहे. पहिल्या दोन प्रकारांसाठी तुमच्याविरुद्ध वसुलीची पहिली कारवाई झाल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. एलटी-११ येणं ही अशी कारवाई आहे, आणि तुमचा रिफंड जुन्या बाकीत वळता होणं हीसुद्धा. तिसऱ्याला वसुलीची मुदत संपेपर्यंत वेळ असतो, म्हणजे टॅक्स लागू झाल्यापासून साधारण १० वर्षं.

आपल्याकडे सारखी घडणारी गोष्ट एनआरई (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या खात्यातल्या) फिक्स्ड डिपॉझिटची. भारतात त्या व्याजावर टॅक्स नाही, म्हणून अमेरिकेतही नाही असं धरून नवरा ते रिटर्नमध्ये दाखवत नाही. पुण्याच्या फ्लॅटच्या भाड्याचंही तसंच. पण अमेरिकेत राहणाऱ्याचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र आहे. पुढे आयआरएसला कळतं, टॅक्स आणि दंड लागतो, आणि तोवर घटस्फोटाची केस उभी असते. त्या डिपॉझिटवर बायकोचं नावच नसेल, व्याज भारतातच राहिलं असेल, तर तिची बाजू भक्कम. तिचंही नाव खात्यावर असेल तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं अवघड जातं. शिवाय परदेशी खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर ती खाती एफबार फॉर्ममध्ये जाहीर करायची जबाबदारी तिची स्वतःची असते, आणि तो दंड ८८५७ ने माफ होत नाही. लग्नानंतर सासरच्यांनी बँकेत नेऊन सह्या घेतल्या असतील, तर कोणकोणत्या खात्यावर आपलं नाव आहे ते आत्ता शोधा.

फॉर्मसोबत गोष्ट लिहावी लागते. घरात पैशाचे निर्णय कोण घेई, तुम्हाला बँकेचे पासवर्ड मिळत होते का, पत्रं कोण उघडे, प्रश्न विचारला तर काय होई. आर्थिक कोंडी आणि छळ या गोष्टी २०१३ च्या नियमांपासून ठळकपणे विचारात घेतल्या जातात. ‘घरातलं बाहेर कशाला’ म्हणून हे गाळू नका. व्हॉट्सॲपचे मेसेज, ईमेल, पोलिसांकडची नोंद, ज्या बहिणीला तेव्हा सांगितलं होतं तिचं लेखी निवेदन, सगळं जोडा. धाक दाखवून सही घेतली असेल किंवा सही तुमची नसेलच, तर तो वेगळा आणि त्याहून बळकट मुद्दा आहे. तोही वकिलाला आधीच सांगा.

एक गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी. अर्ज आल्यावर आयआरएस दुसऱ्या जोडीदाराला कळवतेच, छळाच्या केसमध्येसुद्धा. तुमचा नवा पत्ता, फोन, नोकरीची माहिती त्याला देत नाही. सुरक्षेचा प्रश्न असेल तर फॉर्मवर तसं लिहा आणि अर्ज टाकण्याआधी संरक्षणाच्या हुकूमाचं बघा.

अर्ज चालू असताना त्या जॉइंट बाकीसाठी तुमच्याकडून वसुली सहसा थांबते. मात्र तेवढा काळ १० वर्षांच्या मुदतीत मोजला जात नाही. नकार आला तर ९० दिवसांत टॅक्स कोर्टात जाता येतं. सहा महिने झाले तरी निर्णय नाही, तरीही जाता येतं.

याच्यासारख्याच नावाचा फॉर्म ८३७९ आहे, ‘इंजर्ड स्पाउस’चा. तो वेगळा. जोडीदाराच्या लग्नाआधीच्या देण्यासाठी किंवा जुन्या पोटगीसाठी तुमच्या जॉइंट रिफंडमधला तुमचा वाटा गेला, तर तो परत मागण्यासाठी.

सुटका नसेल तर

बाकी खरोखर तुमचीही असेल, तर हप्ते बांधा. टॅक्स, दंड, व्याज मिळून ५०,००० डॉलरपर्यंत ऑनलाइन हप्ते मागता येतात आणि अर्ज विचाराधीन असताना लेव्ही सहसा करत नाहीत. पगारच पुरत नसेल तर ‘सध्या वसूल करण्याजोगी नाही’ असा शेरा मागता येतो. व्याज चालू राहतं पण पगार वाचतो. ‘ऑफर इन कॉम्प्रोमाइझ’ म्हणजे कमी रकमेत तडजोड. ती मिळते, पण रेडिओवर जाहिरात करणाऱ्या कंपन्या सांगतात तितकी सहज नाही. आधी हजारो डॉलर मागणाऱ्या अशा कंपनीपासून लांब राहा.

स्टेटचा टॅक्स वेगळा धरा. कॅलिफोर्नियाचा फ्रँचाइज टॅक्स बोर्ड स्वतःची पगार कपात लावतो आणि त्याच्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. शिवाय कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन, ॲरिझोना अशा ९ राज्यांत लग्नातली कमाई दोघांची मानतात, त्यामुळे तिथे वेगळं रिटर्न भरलं तरी एकमेकांच्या पगाराचा अर्धा हिस्सा दाखवावा लागू शकतो. या राज्यांत स्थानिक जाणकाराशिवाय पाऊल टाकू नका.

हुकूमनाम्यात काय लिहून घ्यायचं

कोणत्या वर्षाची बाकी कोण भरणार, आणि त्याने न भरल्यामुळे दुसऱ्याकडून वसूल झाली तर किती दिवसांत भरपाई द्यायची, हे वर्षागणिक लिहून घ्या. आयआरएस हे मानणार नाही, पण फॅमिली कोर्टात जाऊन पैसे परत मागायला हाच आधार. त्याहून चांगलं म्हणजे वचनावर न थांबता घर विकताना क्लोजिंगलाच आयआरएसची रक्कम परस्पर चुकती करणं. जोडीदाराच्या एकट्याच्या बाकीचा लीनसुद्धा (मालमत्तेवरचा सरकारी बोजा) दोघांच्या नावावरच्या घरातल्या त्याच्या हिश्शावर बसतो. २००२ साली क्राफ्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. वाटणीत तुम्हाला ४०१-के (कंपनीमार्फतची निवृत्ती बचत) मधला हिस्सा मिळत असेल आणि रोख हवी असेल, तर कोर्टाच्या क्यूड्रो (QDRO, निवृत्ती बचतीच्या वाटणीचा) हुकूमाखाली थेट प्लॅनमधून काढा. त्यावर इन्कम टॅक्स लागतो, १० टक्के दंड लागत नाही. तीच रक्कम आधी आयआरएमध्ये (स्वतःच्या निवृत्ती खात्यात) हलवून मग काढली, तर वयानुसार दंड लागू शकतो.

यंदाच्या रिटर्नचंही ठरवा. ३१ डिसेंबरला अंतिम हुकूम झालेला नसेल तर त्या वर्षापुरते तुम्ही विवाहित, पण जॉइंट भरायची सक्ती नाही. जोडीदाराच्या उत्पन्नावर विश्वास नसेल तर वेगळंच भरा, चार पैसे जास्त गेले तरी. वेगळं भरलेलं नंतर तीन वर्षांत जॉइंट करता येतं. जॉइंट भरलेलं मुदत उलटल्यावर वेगळं करता येत नाही. वर्षाचे शेवटचे सहा महिने वेगळं राहत असाल, मूल तुमच्याजवळ असेल आणि घराचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करत असाल, तर ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ हा जास्त फायद्याचा फायलिंग स्टेटस मिळू शकतो. पगारातून किती टॅक्स कापायचा हे कंपनीला सांगणारा डब्ल्यू-४ फॉर्मसुद्धा त्याच आठवड्यात बदला, नाहीतर पुढच्या एप्रिलला नवी बाकी उभी राहील. आणि हप्ते बांधलेले असताना नवी बाकी झाली तर ते हप्ते मोडतात.

ग्रीन कार्डवाल्यांसाठी: नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात थकीत टॅक्स आहे का असं थेट विचारतात. हप्ते बांधले असतील आणि वेळेवर भरत असाल, तर तो करार आणि भरल्याच्या पावत्या मुलाखतीला घेऊन जा.

लेव्ही उठल्याचा फॉर्म ६६८-डी कंपनीला गेला की पुढचे दोन पेस्टब स्वतः तपासा. कपातीची ओळ अजूनही दिसत असेल, तर फॉर्मची प्रत घेऊन पेरोलकडे त्याच दिवशी जा.